परसदार : आधी कोंबडा राखा, मग बाजार बघा

गावरान कोंबड्यांवरची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बऱ्याच जणांचे दुखणे एकच आहे: पिल्ले निघतात, पण कळप दर वर्षी आधीपेक्षा हलका होत चालला आहे. म्हणून त्याच प्रश्नापासून सुरुवात करू.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून एक कोंबडा आणि नऊ कोंबड्या आणल्या. त्यानंतर बाहेरचे काही आणले नाही, कोंबडा घरचाच ठेवतो. पहिल्या वर्षी १२ अंड्यांतून १०-११ पिल्ले निघायची, आता सहा-सात निघतात. यंदा दोन पिल्लांची बोटे वाकडी होती, एकाची चोच कातरीसारखी आडवी. खाण्यात काही कमी पडते आहे का? (संगमेश्वर तालुका)

उत्तर : नुसती बोटे वाकडी असती तर आईच्या खाण्यात ब-२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा पिल्ले घसरड्या जागेवर वाढली, असे म्हणता आले असते. पण अंडी कमी फुटणे, आडवी चोच आणि वाकडी बोटे ही तिन्ही लक्षणे एकाच कळपात दिसत असतील तर रक्त जवळ आले आहे, म्हणजे भावाबहिणींचे आणि बापलेकींचे संबंध होत आहेत, असेच धरून चाला.

हिशेब सोपा आहे. कळपातल्या नर-मादीच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि नर-मादीच्या बेरजेने भागा. तुमचे उत्तर येते ४ × १ × ९ ÷ १० = ३.६. म्हणजे दारात दहा पक्षी दिसत असले तरी पुढच्या पिढीच्या दृष्टीने कळप साडेतीन पक्ष्यांचाच आहे. आता १ ला या आकड्याच्या दुपटीने भागा. दर पिढीला सुमारे १४ टक्के या वेगाने रक्त जवळ येते. हेच तीन कोंबडे आणि १५ कोंबड्या असत्या तर आकडा १० झाला असता आणि वेग ५ टक्क्यांवर आला असता. कोंबड्या वाढवून फार फरक पडत नाही, कोंबडे वाढवून पडतो.

यंदा इतके करा. २०-२५ किलोमीटर लांबच्या गावातून, तुमच्या बाजाराशी संबंध नसलेल्या घरून, दोन कोंबडे आणा. आणल्या आणल्या कळपात सोडू नका. तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी ठेवा. त्यांचे दाणापाणी घरच्या कोंबड्यांचे झाल्यावर करा आणि मग हातपाय धुवा. जुना कोंबडा काढल्यावर पहिले तीन आठवडे निघालेली अंडी खा किंवा विका, उबवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचे बीज दोन आठवडे सहज टिकते, कधी त्याहून जास्त.

पुढच्या वर्षांसाठी तीन घरांची फेरी हा सर्वांत टिकाऊ उपाय. वाडीतल्या तीन शेजाऱ्यांनी मिळून केली तर कुणा एकावर भार येत नाही. प्रत्येक घरात एक कोंबडा आणि पाच-सहा कोंबड्या. पक्ष्यांच्या पायात घालायला एका घराला लाल कडी, दुसऱ्याला पिवळी, तिसऱ्याला निळी. नियम दोनच: तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आईच्याच घरात राहतात आणि दर वर्षी निवडलेला तरुण कोंबडा पुढच्या घरी जातो. लालचा पिवळ्याकडे, पिवळ्याचा निळ्याकडे, निळ्याचा लालकडे. हा क्रम उलटवायचा नाही. अशाने सख्खे भाऊबहीण एकत्र येतच नाहीत आणि बाहेरून पक्षी आणण्याची गरज बरीच वर्षे पडत नाही. अडचण एकच, मोकळी सोडलेली कोंबडी घराची हद्द मानत नाही. म्हणून फक्त उबवणीची अंडी धरायच्या काळात, म्हणजे आधीचे तीन आठवडे आणि अंडी जमवायचे आठ-दहा दिवस, प्रत्येक घराने आपला गट दहा बाय दहा फुटांच्या जाळीत ठेवावा. एरवी सगळ्यांना मोकळे सोडायला हरकत नाही.

पिल्लू कुठल्या घरचे हे लक्षात राहील असे समजू नका, दोन महिन्यांत सगळी सारखी दिसतात. पहिल्याच दिवशी खूण करा. पिल्लाच्या प्रत्येक पायाला बोटांमधल्या पातळ कातडीच्या दोन जागा असतात, दोन्ही पायांच्या मिळून चार. पिल्लांसाठी मिळणाऱ्या बारीक पंचने त्यातल्या ठरलेल्या जागी भोक पाडतात. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावरून १६ वेगळ्या खुणा होतात. पंच दाबल्यावर कातडीचा तुकडा पूर्ण निघाला का ते उजेडात धरून बघा. तो लोंबत राहिला तर भोक आठवड्यात भरून येते आणि खूण जाते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. जत्रा आली, पाहुणे आले, व्यापारी दारात आला की सर्वांत भरलेला, सर्वांत लवकर वाढलेला कोंबडा आधी जातो. मागे राहतो तो कुणी न घेतलेला, आणि तोच पुढच्या वर्षीचा बाप होतो. चार-पाच वर्षे असे चालले की कळप हलका होणारच. म्हणून पिल्ले आठ आठवड्यांची झाली की राखायचे तीन-चार नर आधी निवडा, त्यांना कडी घाला आणि ते विकायचे नाहीत असे घरात सांगून ठेवा. पाच महिन्यांनी त्यातले दोन ठेवा. दोन अशासाठी की एकाला मुंगसाने नेले तर वर्ष वाया जात नाही.

निवडताना नुसते वजन बघू नका. ज्या आईने दहा पिल्ले काढून आठ-नऊ वाढवली तिचा मुलगा, दोनच पिल्ले जगलेल्या आईच्या तगड्या मुलापेक्षा चांगला. पायाच्या नळ्या सरळ हव्यात, छातीचे हाड बोट फिरवून वाकडे लागत नाही ना ते पाहा, डोळा स्वच्छ आणि बाहुली गोल हवी. कोंबडी निवडताना तिला काखेत धरून शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटे ठेवा. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या हाडांत दोन-तीन बोटे मावतात आणि पोट मऊ लागते. जेमतेम एक बोट मावत असेल तर ती सध्या अंडी देत नाही. अंगावर चरबीचा थर आणि बोट मावत नाही, अशी कोंबडी विकायला हरकत नाही.

एक विनंती. रक्त बदलायचे म्हणून गिरिराज किंवा वनराज अशा सुधारित जातीचा कोंबडा आणू नका. अंड्यांसाठी आणि वजनासाठी ते पक्षी चांगले आहेत, पण त्यांच्या मुली खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसतीलच याची खात्री नाही. खुडूक न बसणाऱ्या कोंबड्यांचा कळप स्वतःहून वाढत नाही, दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतात.

प्रश्न : मे महिन्यात खुडूक कोंबडीखाली १५ अंडी ठेवली, पिल्ले फक्त चार. बाकीची नासली. वळवाच्या गडगडाटाने अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवला होता. मग कुठे चुकले? (दर्यापूर)

उत्तर : गडगडाटाचा दोष नाही. वळीव ज्या दिवसांत येतो त्या दिवसांतली उष्णता अंडी बिघडवते. लोखंड ठेवायला हरकत नाही, पण त्याने अंडे वाचत नाही.

अंडे बाहेर पडते तेव्हा आतला जीव वाढायला लागलेला असतो. साधारण २१-२२ अंशांच्या खाली तो थांबून राहतो. तुमच्याकडे मेमध्ये घरातच ३८-४० अंश असतात, त्यामुळे फळीवर ठेवलेल्या अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते आणि मरते. कोंबडी बसायच्या आधीच निम्मी अंडी गेलेली असतात. उबवणीची अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. एका पसरट कुंडीत ओली वाळू भरा, तिच्यात कोरे मडके गळ्यापर्यंत पुरा, आत कोरडा पेंढा घालून अंडी ठेवा आणि वरून फडके झाका. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, मडक्याच्या आत नको. अंड्याचे निमुळते टोक खाली राहू द्या. सात दिवसांपेक्षा जुने अंडे उबवायला ठेवू नका, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुने नको. फ्रिजच्या दारातले अंडे तर नकोच, तिथे थंडी जास्त असते आणि दार उघडताना हिसके बसतात.

शिवाय १५ अंडी गावरान कोंबडीच्या पंखाखाली मावत नाहीत. कडेची अंडी गार होतात, कोंबडी त्यांना फिरवून आत घेते, मग दुसरी कडेला जातात, असे करत सगळीच बिघडतात. उन्हाळ्यात १२ चालतील, थंडीत १०. टोपलीत तळाला राख किंवा कोरडी माती, वर पेंढा, मध्ये वाटीसारखा खळगा. कोंबडीला संध्याकाळी बसवा, रात्रीत ती जागा धरते. बसवण्याआधी पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का ते बघा. उवांनी भरलेली कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी अंडी सोडून उठते. दिवसातून एकदा १५-२० मिनिटे तिला उठून खाऊ-पिऊ द्या.

सातव्या रात्री प्रत्येक अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरा. कोळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर जीव आहे. काहीच दिसले नाही तर अंडे फळलेले नाही. नुसते लाल कडे दिसले तर जीव सुरुवातीलाच मेला. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाका. एक नासके अंडे फुटले तर सगळी टोपली खराब होते.

खरे तर मेमधली खुडूक बसवूच नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत निघालेली पिल्ले उन्हाळ्यापर्यंत अंग धरतात. मेमध्ये बसलेली कोंबडी जूनमध्ये पिल्ले घेऊन चिखलात फिरते. तिला खुडकीतून काढायचे तर जमिनीपासून उंच, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी नेहमीसारखे द्या, पेंढा देऊ नका. पोटाला खालून गार हवा लागली की ती उठते. पाण्यात बुडवून काढण्याची पद्धत सोडून द्या. तिने कोंबडीचे हालच होतात.

प्रश्न : ३० अंड्यांचे मशीन घेतले. नऊ पिल्ले निघाली. न फुटलेली अंडी फोडून पाहिली: सहा रिकामी, चारांत रक्ताचे कडे, अकरांत पूर्ण वाढलेली मेलेली पिल्ले. मशीन ३७.५ अंश दाखवते. (फलटण)

उत्तर : अंडी फोडून मोजलीत हे फार चांगले केले, अर्धे उत्तर तिथेच आहे. सहा रिकामी म्हणजे पाचातले एक अंडे फळलेले नाही. तिथे कोंबडा कमी पडतो, आठ-दहा कोंबड्यांमागे एक हवा आणि तो म्हातारा नको. रक्ताची चार कडी साठवणीतल्या जुन्या किंवा तापलेल्या अंड्यांची असू शकतात. मोठे नुकसान त्या अकरांचे आहे आणि ते शेवटच्या तीन दिवसांत झाले आहे.

पहिली शंका आकड्यावर घ्या. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ बरोबर. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८ च्या थोडे वर हवे. पण पडद्यावरचा आकडा खरा आहे का? ताप मोजायचा थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर कोमट पाण्याच्या एकाच भांड्यात धरून पडताळा. सेन्सर पाण्यात चालत नसेल तर थर्मामीटर अंड्यांजवळ ठेवून बघा. अर्ध्या अंशाचा फरक २१ दिवस राहिला तरी दिसून येतो: तापमान जास्त असेल तर पिल्ले विसाव्या दिवसाआधी, बेंबी नीट न मिटलेली निघतात, कमी असेल तर बावीस-तेवीस दिवस लागतात आणि पिल्ले जड, सुस्त असतात.

दुसरी शंका ओलाव्याची. पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. मशीनच्या ओलावा मापकावर विसंबण्यापेक्षा अंडी तोला. अठरा दिवसांत अंड्याचे वजन १२-१३ टक्क्यांनी घटायला हवे. दहा अंडी ४५० ग्रॅम असतील तर अठराव्या दिवशी ३९५ च्या आसपास भरावीत. ४१५ भरली तर ओलावा जास्त होता, पिल्लू पाण्याने फुगते आणि आत वळू शकत नाही. ३७५ भरली तर ओलावा कमी होता, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. मेलेली पिल्ले ओली, फुगलेली होती की सुकून चिकटलेली, ते आठवा. कारण तिथेच सापडेल.

तिसरी शंका झाकणाची. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद, पाणी वाढवा आणि झाकण लावा. त्यानंतर ते उघडायचे नाही. एक पिल्लू निघाले की त्याला काढायला झाकण उघडतात, ओलावा एका क्षणात उतरतो आणि चोच मारून छिद्र केलेल्या बाकीच्या पिल्लांवर पापुद्रा आवळतो. निघालेले पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस बिनअन्नपाण्याचे राहू शकते, त्याची घाई नको. छिद्रापासून बाहेर पडेपर्यंत १२ ते २४ तास लागतात. या काळात हवेची छिद्रे मात्र उघडी ठेवा. ऊब जाईल म्हणून ती बुजवली की पूर्ण वाढलेली पिल्लेच गुदमरतात.

वीज गेली तर दोन-तीन तासांनी फारसे बिघडत नाही. मशीनवर गोधडी टाका, हवेची जागा सोडा. गार होण्यापेक्षा तापणे घातक. ४० अंशांच्या वर काही तास गेले तर घाणा संपला समजा.

प्रश्न : टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, हे खरे का? (कुडाळ)

उत्तर : नाही. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजावर ठरते, कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. पण फार लांबट, फार गोल, खरखरीत किंवा तडा गेलेली अंडी उबवायला ठेवू नका. ती कमी फुटतात.

प्रश्न : चार कडकनाथ कोंबड्या आणल्या. आमच्या पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्याबरोबर सोडल्या. पिल्ले काळी निघालीच नाहीत. कोंबड्या भेसळीच्या होत्या का? (जुन्नर)

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. कडकनाथचे काळेपण कातडी, मांस आणि हाडांच्या आवरणापर्यंत जाते, पण पिवळ्या किंवा पांढऱ्या नळीच्या कोंबड्याकडे ते दाबणारा गुण असतो आणि तो त्याच्या मुलामुलींना सगळ्यांना मिळतो. उलट करून पाहा: कडकनाथ कोंबडा आणि तुमच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या. तलंगा काळपट निघतील आणि कोंबडे फिके. कारण कोंबडी हा गुण फक्त मुलग्यांना देते. असा काळपट संकर कडकनाथ म्हणून विकलाही जातो, तेव्हा घेताना आईबाप दोन्ही बघा.

शुद्ध पिल्ले हवीत तर कडकनाथचाच कोंबडा आणा, गावरान कोंबडा वेगळा करा आणि तीन आठवड्यांनंतरची अंडी धरा. कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही, तिची अंडी तुमच्या गावरान खुडकीखाली ठेवा. कडकनाथचे अंडे काळे नसते, फिकट बदामी असते. काळी अंडी म्हणून कुणी दाखवत असेल तर घेऊ नका. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. पक्षी तिकडचा आहे, तुमच्याकडे वाढेल, पण जुन्नरच्या गावरानची जागा त्याला देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडच्या कोंबड्यांना बसरा म्हणतात. ही वेगळी जात आहे का? (नवापूर)

उत्तर : आहे. नंदुरबार आणि लगतच्या गुजरातमधली ही नोंदणीकृत देशी जात. अंगाने लहान, वजन किलोच्या आसपास, अंडी कमी, पण चपळ आणि स्वतःचे पोट स्वतः भरणारी. तुम्हाला आठवत असेल, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच सापडला आणि परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. थोड्याच गावांत असलेली जात अशा एका फेऱ्यात संपू शकते. म्हणून बसराची एक जोडी तरी लांबच्या तालुक्यातल्या नातेवाइकांकडे वाढू द्या. आणि मोठ्या शेडवरून आलेले ट्रे, पिंजरे, पोती आपल्या खुराड्याजवळ आणू नका.

प्रश्न : मानमोडीने दर उन्हाळ्यात कोंबड्या मरतात. लस दिली तरी गेल्या वर्षी ४० पैकी ३१ गेल्या. (उमरगा)

उत्तर : मानमोडी म्हणजे राणीखेत. हिरवट पातळ शीट, धाप, मान पिळवटणे, पंख-पाय लुळे पडणे. रोग आल्यावर औषध नाही, जे करायचे ते आधीच.

पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी ही त्याच रोगाची लस, पंखाच्या कातडीखाली अर्धा मिली. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आर-टू-बी कधीही देऊ नका, ती लस जोरकस आहे आणि लहान पिल्लू तिनेच लुळे पडते. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात टोचतात. मोठ्या कोंबड्यांना वर्षातून एकदा उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारीत, पुन्हा आर-टू-बी द्या. अंडी काही दिवस कमी होतात, चालेल.

लस देऊनही मेल्या, याची नेहमीची कारणे तीन. लस २ ते ८ अंशांत राहिली नाही: दवाखान्यातून पिशवीत घालून मोटारसायकलवर आणली तर ती वाटेतच मेली, थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. पातळ केल्यावर दोन तासांत संपली नाही. आणि तिसरे, सर्वांत जास्त घडणारे: निम्मे पक्षी हाताला लागलेच नाहीत. म्हणून पहाटे, खुराडे उघडायच्या आधी लस द्या. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते, म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस धरा. शेजारच्या कोंबड्या राहिल्या तर रोग कुंपण ओलांडून येतोच. थेंब टाकल्यावर पिल्लाने डोळा मिटून उघडेपर्यंत ते हातात धरा. आजारी, मरगळलेल्या पक्ष्याला लस देऊ नका.

मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तीन फूट खड्डा, वर चुना. आणि शेजारी मर सुरू झाली म्हणून घरच्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नका. रोग त्या वाटेनेच दुसऱ्या गावात जातो.

प्रश्न : पिल्ले चांगली निघतात, पण पहिल्या महिन्यात निम्मी जातात. आईबरोबर मोकळी सोडतो. (वैभववाडी)

उत्तर : पहिले तीन आठवडे सोडू नका. आईला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाका आणि डालगे विटेवर इतके उचलून ठेवा की पिल्ले आत-बाहेर करतील पण आई बाहेर पडणार नाही. जागा झाडाखाली, घार वरून झडप घालू शकणार नाही अशी. पिल्ले आईपासून लांब जात नाहीत आणि घाबरली की आत पळतात. रात्री मात्र सगळ्यांना मुंगूस शिरणार नाही अशा बंद खुराड्यात घ्या. जाळीचे भोक अर्ध्या इंचाहून मोठे नको.

नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही. दहा किलो खाद्याला भरडलेला मका साडेपाच किलो, सोयापेंड २ किलो ८०० ग्रॅम, तांदळाचा बारीक कोंडा १ किलो ४०० ग्रॅम आणि ३०० ग्रॅम खनिज मिश्रण, सगळे बारीक करून. यात १९ टक्क्यांच्या आसपास प्रथिने बसतात. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड फुकट मिळाली तरी घालू नका, पिल्लाचे यकृत जाते. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्यही पिल्लांना नको. त्यातल्या जास्त चुन्याने मूत्रपिंड बिघडते.

वाळवी हे पिल्लांचे सर्वांत चांगले खाणे आणि ते फुकट आहे. जुन्या मडक्यात ओले शेण, पेंढा, गोणपाटाचे तुकडे भरा आणि संध्याकाळी वाळवी असलेल्या जागी पालथे घाला. सकाळी उचलून डालग्यापुढे झटका. उन्हे वर येण्याआधी उचला, नाहीतर वाळवी परत जमिनीत जाते.